उन्हात लक्ष कुणाचं?

मार्च सरत आला की ठाण्यातली मैदानं भरायला लागतात. परीक्षा संपायच्या आधीच शिबिरांचे फलक लागतात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रिकेटच्या सामन्यांच्या तारखा फिरतात, पहाटे येऊरच्या रस्त्याला सायकली दिसतात आणि तलावपाळीवर रात्री अकरा वाजले तरी कुणी घरी जायचं नाव घेत नाही. मला हे दिवस फार आवडतात. मी खो-खो शिकवते. वर्षभर शाळा, क्लास आणि मोबाइल यांच्यात वाटली गेलेली पोरं या दोन महिन्यांत पुरती माझ्या हाती येतात. त्यामुळे ‘उन्हाळ्यात मुलांना बाहेर काढूच नका’ हे मला पटत नाही. मुलं बाहेर पडलीच पाहिजेत, मातीत लोळली पाहिजेत, एखादा गुडघा फुटला तरी चालेल.

फक्त उन्हाबद्दल आपण एकमेकांना जे सांगतो, ते जवळजवळ सगळं ज्याला ऊन लागणार आहे त्यालाच सांगत असतो. टोपी घाल, पाणी पी, त्रास व्हायला लागला तर थांब. टोपी आणि पाणी ठीक आहे. तिसऱ्या सूचनेवर मात्र माझा विश्वास नाही. त्रास होतोय हे ज्याने ओळखायचं, तो मेंदूच उन्हाच्या तडाख्यात आधी गडबडतो. मग थांबायचं कुणी ठरवायचं?

एप्रिलच्या शेवटी कळव्याच्या एका मैदानावर आमचा सराव सामना चालू होता. पाहुणा संघ उशिरा पोचल्यामुळे खेळ साडेनऊपर्यंत लांबला होता. आमची एक मुलगी आक्रमणात होती. चौदाएक वर्षांची, संघातली सगळ्यात भरवशाची. खो-खोत एकदा दिशा घेतली की त्या खांबाला वळसा घालेपर्यंत मागे फिरता येत नाही, हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं की झोपेतही चुकणार नाही. ती अर्ध्यातून मागे वळली. पंचांनी शिट्टी मारली. पुढच्या वेळी तिने पाठीमागून हात न लावताच ‘खो’ म्हटलं. मग मिळालेल्या चौकोनात बसली ती शेजारणीसारखंच तोंड करून. एकाआड एक उलट तोंडं करून बसायचं, हे तर आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. बघणाऱ्या मुली हसल्या. तीही हसली, जरा जास्तच वेळ.

राखीव खेळाडूंत बसलेली एक लहान मुलगी उठून माझ्याकडे आली. आमच्याकडे शिबिराच्या पहिल्याच दिवशी एकमेकांवर लक्ष ठेवायला जोड्या लावतो आणि ही तिची जोडीदार होती. म्हणाली, ‘‘ताई, तिचं काहीतरी बिनसलंय. ती अशी दिशा कधीच चुकत नाही.’’

मी खेळ थांबवून तिला बाहेर बोलावलं. ‘‘मी बरी आहे ताई, डाव संपू दे ना,’’ असं ती चिडून म्हणाली. आवाज स्वच्छ होता. किती गडी बाद झाले म्हणून विचारलं, तर तिने आदल्या दिवशीच्या सामन्याचा आकडा सांगितला. अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, त्यामुळे कातडी कोरडी पडण्याची वाट बघत बसलो असतो तर बसूनच राहिलो असतो. तिला करंजाखाली नेलं, बूट-मोजे आणि गुडघ्याच्या पट्ट्या काढल्या आणि पिंपातलं पाणी मग्याने डोक्यावर, मानेवर, काखेत ओतत राहिलो. दोघी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. बऱ्याच वेळाने ती रडायला लागली. मला ते रडणं बरं वाटलं, कारण आता ती जागेवर येत होती. मधला खेळ तिला आठवत नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, तो दिवस दवाखान्यातच काढला आणि काही दिवसांनी ती सावकाश पुन्हा मैदानावर आली.

ती बरी का झाली याचं उत्तर माझ्या दृष्टीने करंज, पिंप आणि पुठ्ठा यांच्याही आधीचं आहे. तिच्यापेक्षा लहान असलेली एक मुलगी उठली आणि बोलली. त्या दिवशी तिथे बोलण्याची मुभा होती.

शरीराचं आतलं तापमान सदतीस अंशांच्या आसपास ठेवायचं काम मेंदू करतो. ते चाळीसच्या वर गेलं आणि माणूस गोंधळला, बरळला, विनाकारण चिडला, झोकांड्या खायला लागला, की तो उष्माघात. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं हे त्याआधीचे इशारे. ते मिळतातच असं नाही. अंग कोरडं पडतं हे आपण लहानपणापासून ऐकलेलं लक्षण घरात उकाड्यात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत बऱ्याचदा खरं ठरतं. धावणारा, चढणारा, ओझं उचलणारा माणूस मात्र घामाने निथळत असतानाही उष्माघातात जाऊ शकतो. म्हणून मी पालकांना सांगते, घाम बघू नका, वागणं बघा. नेहमीचा बडबड्या गप्प झाला, शांत मुलगा भांडायला उठला, बॉल हातातून सुटायला लागला, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर आलं, की खेळ तिथेच थांबवायचा. तो स्वतः ‘काही नाही झालंय’ म्हणेलच. त्याचं ते म्हणणं त्या वेळी धरायचं नाही.

आपल्या बाजूच्या उन्हाची गोष्ट आणखी वेगळी आहे. नागपुराहून बदली होऊन आलेल्या माणसाला विचारा. तिकडे चव्वेचाळीस अंश काढलेला माणूस इकडच्या पस्तीस अंशांत हैराण होतो. तिकडचा माठ पाणी लवकर गार करतो, आपल्याकडचा माठ नुसता बाहेरून ओला होऊन बसतो, कारण हवेतच इतकी ओल असते की त्याचं पाणी उडायला जागा नसते. अंगाचंही तसंच होतं. घाम येण्याने शरीर गार होत नाही, तो सुकण्याने होतं. एक लिटर घाम कातडीवरच सुकला तर जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून ठिपकला तर पाणीही गेलं, मीठही गेलं आणि उष्णता जागच्या जागी राहिली.

हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार चाळीस अंशांपासून करतं. किनाऱ्यासाठी हा उंबरठा ३७ अंशांचा आहे, आणि पारा नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर असला पाहिजे. म्हणजे किनाऱ्याचं गणित वेगळं आहे हे सरकारी निकषातच मान्य आहे. तरी दरवर्षी मैदानावर कुणीतरी मोबाइल दाखवून म्हणतं, ‘‘मॅडम, छत्तीसच तर आहे.’’ तो छत्तीसचा आकडा सावलीतला असतो. हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो आणि आपली पोरं भर उन्हात तापलेल्या जमिनीवर धावत असतात. त्यात आपण खाडीच्या आतल्या अंगाला. समुद्रावरून येणारा वारा वेळेवर सुटला तर पारा आटोक्यात राहतो. पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असला की तो अडतो, आणि त्या दिवशी ठाणं, ऐरोली, पनवेल सगळं भाजून निघतं. मुंबईच्या किनाऱ्यावर लोक सुखात असतात तेव्हा आपण अजून वाऱ्याची वाट बघत असतो.

उन्हाबद्दल लिहायचं आणि खारघरबद्दल गप्प राहायचं, हे मला जमणार नाही. १६ एप्रिल २०२३. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा खारघरच्या उघड्या मैदानावर झाला. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, आले होते. कोकणातून, घाटावरून, कितीतरी जण आदल्या रात्रीच येऊन थांबले होते. पारा अडतीसच्या आसपास होता. व्यासपीठावर छत होतं, समोर बसलेल्या माणसांच्या डोक्यावर नव्हतं. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने १४ माणसं गेली, त्यात बायका जास्त होत्या. पुढे राज्य सरकारने उन्हाच्या दिवसांत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असं जाहीर केलं.

त्या दिवशी तिथे कुणी धावत नव्हतं, कुणी गड चढत नव्हतं. माणसं शांत बसून होती. हेच माझ्या मनातून जात नाही. बसल्या जागी, शिस्तीत, श्रद्धेने. मधून उठणं अशा ठिकाणी किती अवघड असतं, हे कीर्तनाला किंवा सत्संगाला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. उठलं तर मागच्यांना दिसत नाही, शेजारचे काय म्हणतील, अजून अर्धाच तास राहिला असेल, इतक्या लांबून आलो ते कशाला. आणि एवढ्या गर्दीत उठून जायचं तरी कुठे? ती माणसं बेपर्वा नव्हती. स्वतःची काळजी घ्या म्हणणाऱ्या सूचना त्यांच्या काहीही उपयोगाच्या नव्हत्या. त्यांना हवी होती सावली, लवकर संपणारा कार्यक्रम, आणि दर थोड्या अंतरावर असा एक माणूस, ज्याची पाठ व्यासपीठाकडे आणि तोंड बसलेल्यांकडे आहे. मोठा कार्यक्रम भरवणाऱ्या प्रत्येकाने या शेवटच्या माणसाचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. स्वयंसेवक आपल्याकडे भरपूर असतात. पण ते सगळे पाहुण्यांकडे बघत उभे असतात.

वेळेचं म्हणाल तर आमचं शिबिर सव्वासहाला सुरू होतं आणि साडेआठला फक्की, खांबावरची कापडं, सगळं गोळा झालेलं असतं. संध्याकाळी साडेपाचच्या आधी मैदानात पाऊल नाही. पहिला आठवडा निम्माच सराव. यावर पालक कुरकुरतात, पैसे पूर्ण भरलेत म्हणतात, आणि मी दरवर्षी तेच समजावते. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जायला लागतं. थंडगार क्लासरूममधून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी दोन तास पळवणं म्हणजे त्याला या तयारीशिवाय लोटून देणं. मे महिन्यात दहा दिवस महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांनाही परत आल्यावर पहिल्या दिवसासारखंच धरायचं.

आता शहरात नवीन आलेली गोष्ट म्हणजे टर्फ. घोडबंदरला, खारघरला, वाशीला, जागा मिळेल तिथे जाळी लावून हिरवं कृत्रिम गवत अंथरलंय. मोकळी मैदानं कमी होत चाललीत, त्यामुळे पोरांना टर्फ मिळतं याचा मला आनंदच आहे. पण ते गवत प्लॅस्टिकचं आणि त्यात भरलेले बारीक काळे दाणे बहुतेक ठिकाणी रबराचे. मातीवर सकाळी पाण्याचा सडा मारला की ती काही वेळ गार राहते, खरं गवत स्वतःच पाणी सोडून गार राहतं. प्लॅस्टिककडे असं काही नाही. उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडेही जातो. दुपारचा स्लॉट स्वस्त मिळतो म्हणून कॉलेजची मुलं दोन ते चार खेळतात. आत उतरण्याआधी तळहाताची मागची बाजू गवतावर पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर स्लॉट कितीही स्वस्त असो, घरी या. लहान मुलाचं नाक-तोंड त्या तापल्या जमिनीला आपल्यापेक्षा किती जवळ असतं, हे खाली बसून एकदा बघितलंत तर पुन्हा सांगावं लागणार नाही.

पाण्याबद्दल प्रत्येकाला सगळं माहीत असतं, आणि तरी सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. तहान लागायच्या आधीपासून, पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं, हा साधा नियम. सकाळची लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद असेल तर त्या मुलाने आधी पाणी प्यायचं, मग खांबाला हात लावायचा. पण तासन् तास घाम गाळून नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि तेव्हाही माणूस गोंधळतो, ओकतो, फिट येते. म्हणून लांबच्या खेळात मीठ-साखर लागते. आपल्या घरात ती होतीच. कैरीचं पन्हं, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक, लिंबाचं पाणी. कोकमाचा आगळ, म्हणजे त्याचा घट्ट खारट रस, घरात असेल तर सराव सुटल्यावर मुलांना तोच भरपूर पाण्यात कालवून द्या. आमच्याकडे पन्ह्याचं पातेलं पाळीपाळीने एकेका आईकडून येतं. गुळाचं की साखरेचं, यावरून मुलांत दोन पक्ष आहेत. मी गुळाच्या बाजूची.

ओआरएसचं मात्र माप हवं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून पाजलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. म्हणूनच प्रमाण बिघडलं की काम बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खं एका पेल्यात कालवून मुलाला दिलेलं मी पाहिलंय, आणि तसं दाट पाणी लहान मुलाला अपायकारक ठरू शकतं. थोडं थोडं पाकीट फोडून चिमटीने घालणंही चूक. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढं मोजून घ्या आणि एका दिवसात संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात फळांच्या चवीचे, भरपूर साखरेचे टेट्रापॅक वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून खपत होते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी ते लावून धरलं आणि २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. घरात जुने उरले असतील तर ते सरबत म्हणूनच प्या. खिशातल्या कांद्याबद्दल आजी रागावतील, पण कांदा भाकरीबरोबर खाल्लेला बरा. खिशात राहून तो अंग थंड करत नाही.

उपवन तलावाला किंवा पाम बीच रोडला सकाळी फिरणाऱ्या आजी-आजोबांना वेगळं विचारावं लागतं, आणि ते खाणं-पिणं सोडून गोळ्यांबद्दल. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. ॲलर्जीच्या, मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो. म्हातारपणी तहानही कमी लागते. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण मार्चमध्ये डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायला हरकत नाही, उन्हाळ्यात काही बदलायचं का म्हणून. आणि रोज दिसणारे आजोबा नेहमीच्या बाकावर आज दिसले नाहीत, तर फोन करा. असे बाक आपल्या गावात अजून आहेत, हे आपलं भाग्य.

खेळ संपल्यावरचा धोका मला खेळातल्या धोक्याइतकाच भिववतो. अंग तापलेलं असतं, चार-पाच पोरं एकत्र असतात आणि कुणीतरी म्हणतं, चल, खाणीवर जाऊ. पारसिकच्या डोंगराला लागून दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत दगडाच्या जुन्या खाणी आहेत. पाणी साचलेली खाण वरून तलावासारखी दिसते. पण तलावाला उतार असतो, खाणीला कडा असतो. दोन पावलं गुडघाभर आणि तिसरं पाऊल दोन पुरुष खोल. कपारी निसरड्या, वर चढायला धरायला काही नाही. बुडणारं मूल हातपाय आपटून ओरडतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा गप्प असतं, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. शेजारी पोहणाऱ्या मित्राला कळतही नाही. आणि कळलं की तो उडी मारतो, मग बातमीत दोन नावं येतात. मी मुलांकडून हे अक्षरशः पाठ करून घेते. उडी मारायची नाही. काठावर आडवं पडायचं, ओढणी, पँट, दोरी, काठी, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकायचं, रिकामा झाकणबंद पाण्याचा कॅन फेकायचा, आणि एकाने मोठ्या माणसाला बोलवायला धावायचं. खाणीवर जाऊच नका हे तर सांगतेच. पण पंधरा वर्षांचा मुलगा माझं सगळं ऐकेल असं धरून मी शिकवत नाही.

गडांबद्दल फार लिहीत नाही, त्यातले जाणकार खूप आहेत. मे महिन्यात मलंगगड, माहुली, प्रबळगड हे उजाडायच्या आत चढायचे आणि नऊला उतरणीला लागायचं, एवढंच. टाक्यांत पाणी असेल या भरवशावर जायचं नाही, एप्रिलनंतर बहुतेक टाकी आटलेली किंवा गढूळ असतात. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्यामोहळं आहेत. तिथे सेंट मारून, सिगारेट पेटवून, आरडाओरडा करत जाणं म्हणजे स्वतःबरोबर बाकी सगळ्यांचा जीव पणाला लावणं. ज्यांना ट्रेक नको आणि सुट्टीत काही बघायचं आहे, त्यांनी मुलांना घेऊन खाडीवर फ्लेमिंगो बघायला जावं. ठाणे खाडीचा हा भाग २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. ऐरोलीहून सुटणारी बोट भरतीच्या वेळेप्रमाणे जाते, तेव्हा भरती भर दुपारी येत असेल तर दुसरा दिवस निवडा. उघड्या बोटीत ऊन वरूनही लागतं आणि पाण्यावरून उलटूनही.

कुणी कोसळलंच, किंवा भान हरपल्यासारखं वागायला लागलं, तर आधी गार करायचं आणि मग न्यायचं. आपल्याकडे उलट होतं. माणसाला उचलून रिक्षात घालतात, घोडबंदरच्या किंवा शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि तो तापलेलाच राहतो. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. एकाने १०८ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच मिनिटाला कामाला लागायचं. सावलीत न्या, कपडे सैल करा, शक्य तेवढे उतरवा. मुलगी असेल तर बायकांनी ओढण्यांचा आडोसा धरावा, पण लाजेपायी जाड जर्सी अंगावर ठेवू नये. भरपूर पाणी ओता, मोठं टब किंवा हौद असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा, बर्फ मिळाला तर मान, काख, जांघेत ठेवा, वारा घालत राहा. गोळेवाल्याकडे बर्फ असतो आणि अशा वेळी तो पैसे मागत नाही. शुद्ध हरपली असेल किंवा नीट गिळता येत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉल द्यायची नाही. हा ताप तिने उतरणारा नव्हे.

जोड्यांबद्दल पालक एक प्रश्न हमखास विचारतात. लहान मुलांवर ही जबाबदारी टाकणं बरोबर आहे का? मला वाटतं, आहे. अट एकच, मोठ्यांनी ती तक्रार ऐकली पाहिजे. जोडीदाराने हात वर केला की पंच शिट्टी मारतात, मग अंतिम सामना असो की शेवटचं मिनिट. खोटा हात वर केला तर एक डाव वाया जातो, त्याने काही बिघडत नाही. आणि ज्या मुलाला बाहेर काढलं त्याची चेष्टा करणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवलं जातं. हा नियम आमच्याकडचा सगळ्यात कडक आहे.

ही जोडी मला मैदानाबाहेरही हवी आहे. नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या कामगारांना, दुपारी तीन वाजता चौथ्या मजल्यावर पार्सल घेऊन चढणाऱ्या मुलांना ऊन टाळायची सोय नाही. त्यांना शिबिरासारखं वेळापत्रक कुणी करून देत नाही. पार्सल हातात घेताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, पाणी विचारा, दोन मिनिटं पंख्याखाली बसायला सांगा. उत्तर भलतंच आलं तर त्याला गाडीवर बसू देऊ नका. आणि आता ज्यांच्याशी मला खरंच वाद घालायचा आहे त्या ढोल-ताशा पथकांकडे येते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ही ठाण्याची शान आहे, मी स्वतः तिच्यात चालते. कमरेला ढोल, डोक्याला फेटा, नऊवारी किंवा कुर्त्यावर जाकीट, आणि डांबरावर तासन् तास वादन. यात्रा सकाळी लवकर निघते, पण रेंगाळत रेंगाळत चढत्या उन्हात येते. पुढे १४ एप्रिलच्या मिरवणुका, मग जत्रा, मग लग्नांच्या वराती. वादन मध्येच सोडणं कमीपणाचं समजलं जातं, आणि आवाज असा की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही.

यंदा एका पथकाच्या तालमीला मी जाऊन बसले होते. त्यांना मी एवढंच मागितलं की दर दहा वादकांमागे एक माणूस ढोलाविना चालवा. त्याच्या हातात पाण्याची पिशवी आणि ओले पंचे असतील, आणि तो वादकांच्या तोंडाकडे बघत उलटा चालेल. ठेका चुकायला लागलेला वादक त्याला सगळ्यात आधी दिसेल. त्याने खांद्याला हात लावला की ढोल उतरवायचा, वाद घालायचा नाही. पथकप्रमुख म्हणाले, आमचा इतका तयार वादक ठेका चुकेलच कशाला. मी त्यांना कळव्याच्या त्या सराव सामन्याची गोष्ट सांगितली. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि दोन मुली आणि एक मुलगा पुढे बोलावून विचारलं, तुमच्यापैकी या वेळी ढोल न घेता कोण चालणार? तिघंही तयार झाले. त्यांना लक्षणं शिकवायला मी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. दुसऱ्या कुठल्या पथकाला हवं असेल तर त्यांच्याकडेही येईन, पैसे नकोत, फक्त तालीम उन्हाच्या वेळी ठेवू नका.